रतीब, खाडा आणि गिऱ्हाईक

आमच्याकडे दुधाचा हिशोब अजून भिंतीवरच्या कालनिर्णयवर होतो. ज्या दिवशी दूध आलं नाही त्या तारखेच्या चौकटीत आई पेन्सिलीने बारीक फुली मारते, म्हणजे खाडा, आणि महिना संपला की खाडे मोजून पैसे. दूधवाला सकाळी सव्वासहाला येतो, कडीला पिशवी अडकवतो, जातो. महिनोन्महिने आमची त्याची गाठ पडत नाही. ॲपवर दूध स्वस्त पडतं, वर कूपन मिळतं, हे मी आईला दोनतीनदा सांगून बघितलं, तिने ऐकलं आणि पेन्सिल परत खिळ्याला बांधली.

मी छोट्या धंदेवाल्यांना लिहून देण्याचं काम करतो, पोस्टी, मेसेज, मेल, जे लागेल ते. लोक विचारतात हे कंटेंट मार्केटिंग म्हणजे नक्की काय, ते दर आठवड्याला टाकायचं कशाला, त्यातून माल कसा खपतो. तेव्हा मी आमच्या दूधवाल्याकडे बोट दाखवतो. जाहिरात म्हणजे दारावर येऊन बेल वाजवणारा सेल्समन, घरात कोणी जेवत असो की झोपलेलं असो, त्याला आत्ताच बोलायचं असतं. आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी काहीतरी उपयोगाचं ठेवून निघून जाणं, त्या बदल्यात लगेच काही न मागणं, हा रतीब. रतीब घालणाऱ्याला एक दिवसाची विक्री मोठी नसते, पण त्याला घरात जागा मिळते, आणि धंद्यात ती जागा फार महाग असते.

आता यात धंद्याचं गणित कुठे बसतं ते बघू. तुम्ही काहीही विकत असाल, तुमच्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांना आज ते नकोच असतं. फ्रीज एकदा घेतला की दहाबारा वर्षं कोण बघतं? लग्नाचा हॉल, घराचं रंगकाम, दाताचं काम, सगळं तसंच. जाहिरात आज विकत घेणाऱ्या मूठभर लोकांशी बोलते आणि उरलेल्यांच्या डोक्याला ताप देते. ते उरलेले लोक आज ना उद्या घेणारच आहेत, फक्त कधी ते त्यांनाही माहीत नाही, आणि त्या दिवशी त्यांच्या डोक्यात पहिलं नाव कोणाचं यायला हवं, एवढाच प्रश्न आहे. मधल्या काळात नुसतं "लक्षात ठेवा हं" म्हणून कोणी लक्षात ठेवत नाही, त्यासाठी अधूनमधून त्यांच्या उपयोगी पडावं लागतं.

याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्याकडचंच आहे, आणि मार्केटिंगच्या क्लासला ते कोणी सांगत नाही याचं मला कायम आश्चर्य वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ मध्ये सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे कडबा कापायची यंत्रं आणि मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर. नांगर चांगला होता पण कोणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष भिनतं, जमीन नापीक होते असं शेतकऱ्यांना वाटायचं, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनजवळ, किर्लोस्करवाडी वसली. (आता त्या स्टेशनचंच नाव किर्लोस्करवाडी आहे, सांगली जिल्ह्यात.) कारखाना उभा राहिला, माल तयार व्हायला लागला, पण विकायचा कोणाला, तर गावोगाव पसरलेल्या अशा माणसांना जी नव्या वस्तूवर पटकन विश्वास ठेवत नाहीत आणि एकदा नांगर घेतला की पुढची कित्येक वर्षं परत यायचं कारण नाही.

इथे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, येतात. मूळचा चित्रकार माणूस, कारखान्याच्या जाहिरातीचं काम बघायचे. त्यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक काढलं. नावातच बघा, खबर. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून ते सुरू झालं, आज आपण ज्याला न्यूजलेटर म्हणतो तेच. पण ते तेवढ्यावर थांबलं नाही. हळूहळू त्यात कारखान्याबाहेरचं जग यायला लागलं, उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा, गोष्टी, विनोद, आणि मासिकाच्या नावातला 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' उरलं. त्याच्या जोडीला १९३० मध्ये 'स्त्री' मासिक निघालं, १९३४ मध्ये 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मध्ये छापून यायचे, त्यावरून वाद व्हायचे, लोक भांडायचे. 'स्त्री'ने तर मराठी घरातल्या बायकांच्या दोनतीन पिढ्यांना वाचायला आणि लिहायला लावलं, संपादक विद्या बाळ तिथूनच पुढे आल्या आणि १९८९ मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' हे मासिक काढलं.

आता कोणी हिशोबी माणूस विचारेल की यात नांगर किती खपले. मला वाटतं तो आकडा विचारण्यातच चूक आहे. ज्या घरात शेतीच नव्हती, ज्यांनी जन्मात नांगर विकत घेतला नसता, त्यांच्याही घरात महिन्याच्या महिन्याला किर्लोस्कर हे नाव येत होतं, ते हातात घेऊन लोक वाचत होते, शेजाऱ्याला देत होते, गठ्ठे जपून ठेवत होते. त्या नावाबद्दलचा तो भरवसा कंपनीच्या नांगराला, पंपाला, इंजिनाला कुठे कुठे उपयोगी पडला असेल ते वहीत मांडता येत नाही. आणि हेही कबूल करायला हवं की इथे मासिकच इतकं मोठं झालं की ते कारखान्याचं मुखपत्र उरलंच नाही, स्वतःच्या पायावर उभी असलेली वेगळी गोष्ट झाली. असं प्रत्येकाचं होत नाही, व्हायची गरजही नाही, पण माल आणि वाचक यात शंकररावांनी वाचकाच्या बाजूने कौल दिला म्हणून ते जमलं एवढं दिसतं.

बाहेरही हे जुनंच आहे. अमेरिकेत जॉन डिअर कंपनी, तीही नांगरवालीच, १८९५ पासून 'द फरो' नावाचं शेतकऱ्यांचं मासिक काढते आणि ते अजून चालू आहे. फ्रान्समध्ये मिशेलिन भावांनी १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी एक छोटं पुस्तक काढलं, टायर कसा बदलायचा, पेट्रोल कुठे मिळेल, मुक्कामाला हॉटेल कुठलं. त्या वेळी अख्ख्या फ्रान्समध्ये तीन हजारसुद्धा मोटारी नव्हत्या आणि यांनी प्रती छापल्या ३५ हजार, सगळ्या फुकट. हेतू सरळ होता, लोक फिरले की टायर झिजतील. पुढे १९२० मध्ये त्यांनी पुस्तकाला किंमत लावली, त्यामागची गोष्ट अशी सांगतात की एका टायरच्या दुकानात त्यांचंच पुस्तक डुगडुगणाऱ्या टेबलाखाली ठेवलेलं दिसलं. उत्तम रेस्टॉरंटांना मिळणाऱ्या ज्या मिशेलिन स्टारसाठी आज शेफ लोक रात्री झोपत नाहीत ते स्टार टायर कंपनीचे आहेत हे कितीतरी खाणाऱ्यांना माहीतच नसतं.

पुन्हा पुन्हा दिसल्याने होतं काय नक्की? मानसशास्त्रात रॉबर्ट झायन्स नावाचे संशोधक होऊन गेले, त्यांनी १९६८ मध्ये एक साधी गोष्ट दाखवली, की एखादी गोष्ट आपल्याला नुसती वारंवार दिसत राहिली तरी ती आपल्याला बरी वाटायला लागते, बाकी काही कारण लागत नाही. रोज बस स्टॉपवर दिसणारा अनोळखी माणूस एखाद्या दिवशी दुसऱ्या शहरात दिसला की आपण हसून हात करतो ना, तसलंच. पण हे वाचून काही लोक तीच जाहिरात दिवसात चाळीस वेळा दाखवायला लागतात आणि मग क्रिकेटची मॅच बघताना आपण त्या कंपनीचा उद्धार करतो. म्हणजे ओळख वाढते आणि वैतागही वाढतो, दोन्ही एकाच वेळी. रतीबाचं दूध रोज येतं पण ते कालचं नसतं, आजचं असतं, सगळी मेख त्यात आहे.

अमूलचं होर्डिंग आठवा. १९६६ पासून तीच मुलगी, तोच ठिपक्यांचा फ्रॉक, निळे केस, हातात पाव-बटर. सिल्व्हेस्टर दा कुन्हा यांच्या एजन्सीने सुरू केलं, युस्टेस फर्नांडिस यांनी मुलगी काढली, आपले भरत दाभोळकरही कित्येक वर्षं त्या कामात होते. चौकट साठ वर्षं जवळजवळ हललेली नाही, आत मात्र दर वेळी त्या आठवड्यातली बातमी, कधी क्रिकेट, कधी निवडणूक, कधी सिनेमा. मुंबईत लहानाचे मोठे झालेल्या कोणालाही विचारा, बसमधून जाताना मान वळवून ते होर्डिंग वाचलंय की नाही. मान वळवून जाहिरात वाचणं, किती दुर्मिळ गोष्ट आहे ही! हे जमायचं एक कारण म्हणजे अमूलचे वर्गीस कुरियन यांनी एजन्सीला मोकळं सोडलं होतं, प्रत्येक होर्डिंग मंजुरीसाठी गुजरातेत आणंदला, अमूलच्या मुख्य कचेरीत, जाऊन परत आलं असतं तर बातमी शिळी झाली असती. माझ्या अनुभवात छोट्या कंपन्यांचा रतीब इथेच तुटतो. लिहिणारा शुक्रवारी लिहितो, मालक मंगळवारी बघतो, मालकाचा मेव्हणा गुरुवारी "लोगो मोठा करा" म्हणतो आणि तोवर पुढचा शुक्रवार आलेला असतो.

तर चौकट पक्की आणि भरण ताजं. चौकट म्हणजे वार, वेळ, नाव, लांबी, बोलायची ढब. ही एकदा ठरवून टाकली की लिहिणाऱ्याचाही त्रास वाचतो, दर वेळी कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही.

एक जवळचं उदाहरण सांगतो. देवगडच्या बाजूला माझा एक मित्र आहे, आंब्याची बाग आहे, मोठी नाही. आंबा बाजारात असतो साधारण मार्चपासून मे-जूनपर्यंत, उरलेले आठ-नऊ महिने गिऱ्हाईक त्याला विसरून जायचं. दर वर्षी मार्चमध्ये हा परत शून्यापासून सुरू, "नमस्कार, देवगड हापूस बुकिंग सुरू", खाली केशरी रंगाचा इंटरनेटवरून उचललेला फोटो, आणि असे मेसेज त्या महिन्यात प्रत्येकाच्या फोनवर वीस येतात. शिवाय हापूसची अडचण वेगळी, पेटीवर देवगड लिहिलेलं असतं आणि आत कर्नाटकातला आंबा निघतो, हे शहरातल्या लोकांना माहीत झालंय. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांच्या हापूसला जीआय टॅग, म्हणजे माल त्याच भागातला असल्याची सरकारी ओळख, मिळाला, चांगलंच झालं, पण पेटी हातात घेणाऱ्या बाईला तो टॅग खरा की खोटा हे कसं कळणार? तिला माणूस कळायला पाहिजे.

मी त्याला म्हटलं, दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी संध्याकाळी एक फोटो आणि चार ओळी पाठव, बागेत त्या दिवशी जे दिसतंय ते. तो म्हणाला, "मी काय लिवतलंय, माका लिवूक येना नाय." म्हटलं मग बोल, मी ऐकतो आणि तेच लिहितो. पहिले सहासात मेसेज मी लिहिले, नंतर तोच लिहायला लागला आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरा लिहितो.

पावसाळ्यात त्याने लिहिलं की आत्ता बागेत आंबा नाही पण काम आहे, झाडांना आळी करणं, खत, रान काढणं. ऑक्टोबरात लिहिलं की पालवी फुटलीय आणि ही जास्त फुटली तर मोहोर लांबेल, म्हणून सगळे थंडीची वाट बघतायत. पुण्या-मुंबईच्या लोकांना तोवर थंडी म्हणजे स्वेटर, पहिल्यांदाच त्यांना कळलं की आपल्या मे महिन्यातला आंबा डिसेंबरच्या गारव्यावर अवलंबून आहे. मग मोहोर, मग त्यावर पडणारी तुडतुड्यांची कीड, फवारणी कधी आणि कशासाठी, फळ कणीएवढं झालं, वाटाण्याएवढं, सुपारीएवढं, आणि मग एक दिवस सकाळी झाडाखाली पडलेल्या बारक्या कैऱ्यांचा सडा, फोटोखाली एकच ओळ, "रात्री वारो सुटलो." त्या मेसेजला जेवढी उत्तरं आली तेवढी त्याच्या बुकिंगच्या मेसेजला कधी आली नव्हती.

नंतर चौदा आणे तयार म्हणजे काय, तेव्हाच का उतरवायचा, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट का काढायचा, आढी कशी लावतात, पेंढ्यात किती दिवस, घरी आल्यावर फ्रीजमध्ये का घालू नये, हे सगळं आपोआप येत गेलं. आणि साका. साका म्हणजे आंबा बाहेरून देखणा पण कापला की आतला गर पांढरट, आंबट, स्पंजसारखा. बाहेरून कळत नाही, भल्याभल्या बागायतदारालाही कळत नाही. त्याने तशा कापलेल्या आंब्याचा फोटो टाकून लिहिलं की हा माझ्याच बागेतला आहे, पेटीत एखादा असा निघू शकतो, निघाला तर फोटो पाठवा, पुढच्या पेटीत तेवढे जास्त टाकतो. मी आधी घाबरलो होतो, म्हटलं ऐन विक्रीच्या तोंडावर स्वतःच्या मालाचा दोष कशाला दाखवतोस. पण झालं उलट. ज्या माणसाने पावसाळ्यापासून सगळं दाखवलं त्याने हेही दाखवलं, एवढंच लोकांनी त्यातून घेतलं, आणि साका निघाल्यावर जे आधी शिव्या द्यायचे ते आता फोटो पाठवायला लागले. वर्षातले चोवीस मेसेज धरले तर विक्रीचे त्यात चार. बाकी वीस नुसते रतीबाचे.

याच्या अगदी उलट काम मी स्वतः केलंय तेही सांगतो, कारण उपदेश करताना आपली लाज झाकणं बरोबर नाही. काही वर्षांपूर्वी एका दवाखान्याचं पेज माझ्याकडे होतं. ठरलं होतं रोज एक पोस्ट. रोज काय टाकणार? मग सुरू झाले डे पोस्ट, आज जागतिक अमुक दिन, उद्या तमुक जयंती, परवा संकष्टी, निळं ग्रेडियंट, कोपऱ्यात डॉक्टरांचा हसरा फोटो. नियमितपणात माझा एकही खाडा नाही! वर्षभरात एकाही माणसाने काही विचारलं नाही, लाइक करणारे म्हणजे डॉक्टरांचे नातेवाईक आणि मी. तो रतीबच होता, पण दुधाचा नाही, पाण्याचा. त्याच वेळी रिसेप्शनवरची ताई दिवसातून दहा वेळा तेच सात-आठ प्रश्न फोनवर ऐकत होती, उपाशी यायचं का, गोळी चुकली तर काय, मुलाला ताप असेल तर लस द्यायची का. ते आठ प्रश्न म्हणजे डॉक्टरांनी नीट उत्तरं दिली असती तर आठ आठवड्यांचं भरण होतं, आणि मी जागतिक दिवसांची यादी शोधत बसलो होतो.

म्हणून काय लिहू हा प्रश्न पडला की काउंटरवर किंवा फोनवर बसणाऱ्या माणसाला विचारायचं, लोक काय विचारतात. टेलर असेल तर कापड आणायच्या आधी धुवायचं का, किराणा असेल तर तांदळाला पोरकिडे होऊ नयेत म्हणून काय करायचं, सीए असेल तर नोटीस आली म्हणजे घाबरायचं का. गिऱ्हाइकाचा प्रश्न आपल्याला रोजचा म्हणून शिळा वाटतो, त्याला तो पहिल्यांदाच पडलेला असतो.

किती वेळा पाठवायचं यावर लोक फार भांडतात. माझं मत असं की जेवढं तुम्ही सगळ्यात वाईट आठवड्यात, म्हणजे घरी लग्न आहे, कारागीर पळून गेलाय, जीएसटी भरायचाय अशा आठवड्यातही करू शकाल तेवढंच कबूल करा. बहुतेक लोक उत्साहात रोजचं ठरवतात, पहिले अकरा दिवस जोरात, मग दिवाळी येते आणि पेज जानेवारीपर्यंत झोपतं. महिन्यातून एकदाच पण पहिल्या रविवारी म्हणजे पहिल्या रविवारी, हे चालतं. खाडा झाला तर त्यावर निबंध लिहू नका, "मागच्या वेळी जमलं नाही" एवढं म्हणा आणि पुढे चला, दूधवाला काय कारणं सांगत बसतो का. पण सुट्टी आधी सांगून घेतली तर तिला खाडा कोणी म्हणत नाही, गावी जत्रेला चाललोय, दोन आठवडे भेट नाही, इतकं साधं.

आता थोडं तांत्रिक, पण हे डोक्यात नीट बसवायलाच हवं. रतीब घालायचा तर घराचा पत्ता आपल्याकडे पाहिजे. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर तुमचे दहा हजार फॉलोअर असतील तरी ते पत्ते तुमच्याकडे नसतात, कंपनीकडे असतात. तुम्ही पोस्ट टाकता, ती कोणाला दाखवायची हे त्यांचा अल्गोरिदम, म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरचं गणित, ठरवतो. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की आता लोकांना मित्र आणि घरच्यांच्या पोस्ट जास्त दाखवणार, धंद्याच्या आणि पेजच्या कमी, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं पेज वाढवलं होतं ते बघत बसले. त्याहून मोठा धक्का २९ जून २०२० चा, सरकारने ५९ चिनी ॲप बंद केले त्यात टिकटॉक होतं. गावोगावची पोरंपोरी, कित्येकांचे लाखांत फॉलोअर, त्यातली आपल्याकडची ग्रामीण भागातलीही पुष्कळ, एका रात्रीत सगळं गेलं. लोक कुठे गेले नव्हते, ते तिथेच होते, फक्त त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता दुसऱ्याच्या मालकीचा होता.

म्हणून सोशल मीडिया म्हणजे बाजारातला ओटा समजा, तिथे बसा, ओळखी करा, पण ओळख झाली की नंबर किंवा ईमेल मागून घ्या, स्वतःच्या वहीत उतरवा. आपल्याकडे ईमेल बघणारे कमी, म्हणून छोट्या धंद्याला व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज अनेकांना ज्याच्या त्याच्या फोनवर वेगळा पाठवायची यादी, तीच बरी पडते. तिच्यात एका यादीत २५६ जण बसतात आणि तिचा एक नियम मला फार आवडतो, ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तुमचा मेसेज जातो. लोक याला अडचण म्हणतात. मला ती चाळणी वाटते, कारण ज्याने नाव टाकून नंबर सेव्ह केला त्याने तुम्हाला दारात यायची परवानगी दिली. माझ्या मित्राने म्हणूनच पेटीत छापील चिठ्ठी टाकायला सुरुवात केली, "बागेची खबर हवी असेल तर हा नंबर सेव्ह करा आणि हो असं कळवा." बाकीच्यांना पाठवायचंच नाही. कोणाचे तरी विकत घेतलेले नंबर उचलून ग्रुपमध्ये कोंबणं हा रतीब नव्हे, ते दुसऱ्याच्या घरात भिंतीवरून उडी मारणं आहे, आणि २०२३ मध्ये झालेल्या डेटा संरक्षण कायद्याचा रोखही माणसाची माहिती वापरायला त्याची संमती घेण्यावर आहे हेही विसरू नका. नको म्हणणाऱ्याला दोन मिनिटांत काढून टाका, मनाला लावून घेऊ नका. बंद करता येतो म्हणून तर लोक रतीब लावतात.

मोजायचं काय? लाइक मोजू नका असं मी म्हणत नाही, मोजा, मलाही बरं वाटतं. मेल पाठवणारे किती जणांनी उघडली ते बघतात, पण सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या फोनवरची मेल ॲप माणसाने न उघडता स्वतःच मेल उघडल्यासारखी दाखवायला लागली, तेव्हापासून तो आकडा फुगलेला असतो. मी तीन गोष्टी बघतो. उलट उत्तर किती जण देतात. जुन्या मेसेजचा उल्लेख कोण करतं, म्हणजे "तुम्ही त्या वाऱ्याचं लिहिलं होतं ते झाड वाचलं का?" असं. आणि नवीन माणूस आलं तर कोणाचं नाव सांगून आलं. हे वहीत पेनने लिहिता येतं, डॅशबोर्ड लागत नाही. आणि निदान एक वर्ष थांबा, हापूससारख्या मालाला तर एक अख्खा हंगाम जाऊन दुसरा आल्याशिवाय काही कळतच नाही.

हल्ली एक प्रश्न हमखास येतो, की एआयला सांगितलं तर तो वर्षभराचा कंटेंट दहा मिनिटांत लिहून देतो, मग हे सगळं कशाला. देतो की. मीही वापरतो, शुद्धलेखन तपासायला, मथळे सुचवायला. पण त्याला काल रात्री वारा सुटला हे माहीत नसतं, आणि आंब्याचे दहा फायदे आता सगळ्यांकडेच सारखे छापून आलेत. फुकट आणि भरपूर मिळणाऱ्या गोष्टीचा रतीब कोणी लावत नाही.

गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला त्या मित्राच्या गावात वादळी पावसाने तारा तुटल्या, चार-पाच दिवस लाइट नाही, नेटवर्क नाही. हंगाम संपलेला, पेट्या गेलेल्या, पैसे आलेले, म्हणजे धंद्याच्या हिशोबाने काही अडलं नव्हतं, पण शुक्रवार चुकला. शनिवारी रात्री टेकडीवर जाऊन त्याने फोन चालू केला तर चौदा मेसेज. त्यातल्या बऱ्याच जणांनी यंदा एकच पेटी घेतली होती, दोघांनी तर घेतलीच नव्हती. डोंबिवलीच्या एका काकूंचा होता, "काल तुमचं काही आलं नाही. बातम्यांत पाऊस दाखवतायत. घरी सगळे बरे आहेत ना?"

त्याने तो स्क्रीनशॉट मला पाठवला आणि खाली लिहिलं, "आता हेंका काय लिवू?" म्हटलं लाइट आली की बागेचा फोटो पाठव.